जुनं गाव कसं पाहावं : वेशीच्या आत पायी, वेशीबाहेर सायकलवर

लहानशा ऐतिहासिक गावाची एक गंमत असते. ते तासाभरात ‘बघून होतं’ आणि तीन दिवस राहिलं तरी संपत नाही. कशाने फिरलात आणि कोणत्या क्रमाने फिरलात, यावर सगळं अवलंबून. मी बरीच वर्षं हा क्रम चुकवत आलो. पोचल्या पोचल्या सायकल भाड्याने घ्यायची, अर्ध्या दिवसात गाव पालथं घालायचं आणि रात्री आठवायला बसलं की डोळ्यांसमोर यायचे ते फक्त खड्डे आणि वळणं. आता माझा नेम ठरलेला आहे. आधी पायी, मग सायकल, मग पुन्हा पायी.

१. निघण्याआधी अर्धा तास नकाशाला द्या

नावं नंतर वाचा, आधी रेषा बघा. तटबंदीची बहुतेक लहान गावं या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम किलोमीटरभराची असतात. भिंत जितकी लांब तितका बांधायचा खर्च आणि तितकी राखणीची माणसं, म्हणून कुणी उगाच मोठा घेर घेत नसे. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की आतलं सगळं अंतर चालण्याचंच आहे. एरवी आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. थांबत, माना वर करत चाललं की दोनच होतात. तेवढेच धरा.

मग नकाशावर गोल फिरणारा रस्ता शोधा. गावाभोवती एखादी गल्ली विनाकारण वळत जात असेल तर तिथे कधीकाळी भिंत किंवा खंदक होता, असं खुशाल समजा. जर्मनीतल्या नॉर्डलिंगेनचा नकाशा उघडून बघा. बाहेरची तटबंदी आजही अखंड उभी आहे, आणि तिच्या आत आणखी एक गोल रस्ता दिसतो. तो आधीच्या, लहान तटाचा माग. गाव वाढलं, जुनी भिंत गेली, तिचा आकार मात्र रस्त्याने धरून ठेवला.

रेल्वे स्टेशन कुठे आहे तेही बघा. ते बहुधा कडेलाच असतं, कारण १९व्या शतकात रेल्वे आली तेव्हा आत जागाच उरली नव्हती. स्टेशनपासून गावाकडे येणारा तो सरळसोट रुंद रस्ता गावातल्या नव्या रस्त्यांपैकी एक असतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. दगडी भिंतींच्या अरुंद बोळात रेंज दगा देते.

२. पहिली फेरी : पायी, आणि आधी कडेकडेने

मधल्या चौकात लगेच घुसू नका. आधी तटाच्या कडेने किंवा तट होता त्या रस्त्याने पूर्ण प्रदक्षिणा घाला. वेशी किती आहेत, कोणती वेस नदीकडे उघडते, चढ कुठे आहे, हे एकदा पायांना कळलं की पुढे नकाशा फारसा लागत नाही.

मग एका वेशीतून आत शिरा आणि समोरच्या वेशीपर्यंत मुख्य रस्त्याने जा. परत येताना तोच रस्ता टाळून शेजारच्या समांतर गल्लीने या. मुख्य रस्त्यावर घरांचे दर्शनी चेहरे दिसतात, मागच्या गल्लीत त्यांच्या पाठी. पाठींवर कुणी रंगसफेदी करत नाही, त्यामुळे घराचं खरं वय तिथेच कळतं.

काय बघायचं? माझी चार-पाच ठरलेली ठिकाणं आहेत.

बुजवलेल्या खिडक्या आणि कमानी. भिंतीत मध्येच वेगळ्या विटांचा किंवा वेगळ्या रंगाच्या चिऱ्यांचा चौकोन दिसला की तिथे पूर्वी दार होतं. जमिनीलगत रुंद कमान बुजवलेली असेल तर तिथे दुकान किंवा गाड्या आत घ्यायची जागा असण्याची शक्यता बरीच.

कोपऱ्यावरचे दगड. बोळाच्या वळणावर घराच्या पायाशी एखादा तिरका, झिजलेला दगड पुरलेला असतो. बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या चाकाने भिंतीचा कोपरा उडू नये म्हणून. त्यावरचे ओरखडे बोटांनी चाचपून बघा. चाकाचा आस किती उंचीवर होता, ते हाताला कळतं.

पायऱ्या. मधोमध झिजलेल्या पायऱ्या म्हणजे जुनी वर्दळ. आणि एखाद्या जुन्या इमारतीत शिरताना दोन पायऱ्या उतराव्या लागल्या तर ती इमारत खचलेली असेलच असं नाही. बऱ्याचदा शतकानुशतकं थरावर थर पडत रस्ताच वर आलेला असतो.

आणि रस्त्यांची नावं. श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यात लेन बान स्ट्रीट आहे. डच भाषेत ‘लाइनबान’ म्हणजे दोर वळायची जागा. लांब दोर वळायला लांबलचक सरळ पट्टा लागतो, आणि जहाजांना दोर तर लागणारच. एका नावात बंदर, धंदा आणि रस्त्याचा आकार एकत्र सापडतात. गावात कातडी कमावणाऱ्यांच्या नावाची गल्ली असेल तर ती पाण्याजवळ आणि बहुतेक वेळा प्रवाहाच्या खालच्या अंगाला निघते. वास आणि घाण पाणी दोन्ही गावाला नको असायचं.

आकार कसा टिकून राहतो, याचा सर्वांत देखणा नमुना इटलीतल्या लुकामध्ये आहे. तिथला एक चौक चक्क लंबगोल आहे. रोमन काळात तिथे अँफिथिएटर, म्हणजे खेळ-झुंजी बघायचं लंबगोल उघडं प्रेक्षागृह होतं. पुढे लोकांनी त्याच्या भिंतींना टेकवून, कमानींमध्ये घरं बांधली आणि १८३०च्या सुमारास मधली बांधकामांची गर्दी काढून चौक मोकळा केला. अँफिथिएटर कधीच गेलं, घरं अजून त्याच्याच वळणाने उभी आहेत. सायकलवरून जाणाऱ्याला तो एक सुंदर चौक दिसतो. वळण जाणवायला पायीच जावं लागतं.

मनोऱ्यावर चढायचं असेल तर या फेरीच्या शेवटी चढा. आधी चढलात तर नुसती छपरं दिसतील. नंतर चढलात तर ‘ती आपली गल्ली, तो कोपरा’ असं बोट दाखवता येतं.

३. सायकल घेताना

इथे घाई नको. सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. टायर अंगठ्याने दाबून बघा. चेन एकदा उलटी फिरवा, अडखळली तर दुसरी सायकल मागा. आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते विचारू नका, दाबून बघा. काही देशांत तो उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या. मी एकदा हे न बघता निघालो, पावसाने ओल्या झालेल्या दगडी उतारावर मागचा समजून पुढचा आवळला आणि सरळ एका कारंज्याच्या कठड्यापाशी जाऊन आडवा झालो. लागलं फारसं नाही, पण चार माणसं उठवायला धावली त्याची लाज जास्त.

दगडी फरसबंदीवर टायरमधली हवा किंचित कमी असलेली बरी, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली नाही. रुंद टायर मिळत असतील तर तेच घ्या. दगडांवरून जाताना सीटवरून थोडं उठा, कोपर-गुडघे सैल सोडा, वेग एकसारखा ठेवा. गटाराची जाळी किंवा रूळ आडवे आले तर काटकोनात ओलांडा, तिरके नाही. ओल्या दगडावर वळता वळता ब्रेक लावू नका. आधी वेग कमी करा, मग वळा.

कुलूप लावताना सांगाडा आणि मागचं चाक दोन्ही एखाद्या पक्क्या खांबाला अडकवा. ते अडकवणं कुणाच्या दाराच्या वाटेत नको, आणि जुन्या इमारतीच्या कोरीव खांबाला तर अजिबात नको.

४. दुसरी फेरी : वेशीबाहेर

तटाच्या आत सायकल फारशी कामाची नाही. पायऱ्या, गर्दी, एकमार्गी बोळ. जिथे पादचाऱ्यांचाच रस्ता आहे तिथे उतरून ढकलत न्या. लुकाचा अपवाद गोड आहे: तिथल्या तटाचा माथा इतका रुंद आहे की वरून झाडांच्या सावलीत चारेक किलोमीटरची पूर्ण फेरी सायकलने मारता येते. याउलट क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या तटात सायकल नेणं म्हणजे जिन्यावर ओझं वाहणं.

सायकलचं खरं काम बाहेर. कालच्या फेरीत ज्या वेशीतून सगळ्यात जुना रस्ता बाहेर जातो असं वाटलं, तिथूनच निघा. गाव इथेच का वसलं, याचं उत्तर बहुधा पाच-दहा किलोमीटरच्या आत मिळतं: नदी पायी ओलांडायचा उतार, पूल, घाटाचं तोंड, दगडाची खाण. सायकलवर चढ मांड्यांना कळतो, म्हणून किल्ला त्याच टेकडीवर का, हे कुणाला विचारावं लागत नाही.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केली असेल तर ती सोडू नका. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे असे मार्ग डोंगराळ भागातही सौम्य असतात. नदीकाठची वाटही तशीच. वारा असेल तर जाताना तोंडावर घ्या, येताना पाठीवर. गाव टेकडीवर असेल तर मात्र शेवटचा चढ परतीलाच येणार. त्यासाठी अर्धी बाटली पाणी आणि तासभर उजेड राखून ठेवा.

५. तिसरी फेरी : पुन्हा पायी

ही सकाळी लवकर करा. माणसं कमी असतात आणि तिरप्या उन्हात भिंतीवरचा प्रत्येक सांधा उठून दिसतो. ऊन कुठून येतं ते लक्षात असू द्या. जुन्या चर्चचं मुख्य दार बहुधा पश्चिमेला असतं, म्हणून त्याच्यावर ऊन दुपारनंतर येतं. पूर्वाभिमुख देवळाचा दर्शनी भाग सकाळीच बघावा.

या फेरीत नवं काही शोधायचं नाही. पहिल्या दिवशी पाहिलेल्या दोन-तीन जागी परत जायचं. परत नॉर्डलिंगेनचंच बघा. पहिल्या दिवशी तिथल्या उंच चर्चच्या भिंतीत करड्या-हिरवट रंगाचा, मध्ये काळपट ठिपके असलेला दगड दिसतो. दगडच, पुढे जातो आपण. दुसऱ्या दिवशी सायकलने बाहेर पडलं की जमीन कितीतरी वेळ सपाट लागते आणि लांबवर चहूबाजूंनी टेकड्यांचं कडं दिसतं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेला हा २५ किलोमीटर रुंदीचा खळगा आहे आणि गाव त्याच्या आत वसलंय. पूर्वी याला ज्वालामुखीचं काम मानत. १९६०-६१मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांनी इथल्या दगडात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच बनणारं खनिज दाखवून दिलं आणि उल्केची बाजू पक्की झाली. तिसऱ्या दिवशी त्याच भिंतीपाशी उभं राहून दगडाला हात लावायचा. ते काळपट ठिपके म्हणजे त्या धडकेत वितळून गोठलेली काच.