कार्यानुभवाचे कागद : मुलगा चार वर्षांनी परत आला तरी सापडले पाहिजेत

जूनमधली दुपार. नववीत असताना कार्यानुभवासाठी, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पाठवलेला आमचा एक माजी विद्यार्थी दारात उभा. "सर, ते दुकानाचं पत्र देता का? अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीला दाखवायचंय." मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. वाळवीनं फाईल कडेनं खाल्लेली, उरलेल्या पानांवर जेल पेनची शाई ओलीनं पसरलेली. शेवटी दुकानदाराच्या हिशेबाच्या वहीत तारखेसकट "शाळेचा पोरगा आला" असं लिहिलेलं सापडलं आणि त्यावरून पत्र तयार केलं. दुकानदाराचं दप्तर शाळेपेक्षा पक्कं निघालं. त्यानंतर बसवलेली ही पद्धत.

पहिलं काम, मुलाला पाठवण्याआधीचं

एका मुलाला एक पान. त्यावर जनरल रजिस्टरचा (शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीचा) नंबर, रजिस्टरमध्ये आहे तसंच पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, कुठे आणि कोणाच्या हाताखाली शिकणार, किती दिवस. शाळा बदलली की रजिस्टरचा नंबर बदलतो, म्हणून अपारचा, म्हणजे शाळा बदलली तरी तोच राहणारा विद्यार्थ्याचा 12 अंकी ओळख क्रमांक असेल तर तोही लिहा. आधारची झेरॉक्स मात्र लावू नका. या कामाला ती लागत नाही आणि फाईल दहा हातांतून फिरते.

जन्मतारीख नुसती उतरवून घेऊ नका, मोजा. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही. मूल शिकायला गेलं होतं, राबायला नाही, हे पुढे याच पानावरून दाखवावं लागतं. जालन्याच्या रोलिंग मिलची भट्टी लांबून दाखवणं वेगळं आणि पोराला तिच्यापुढे उभं करणं वेगळं. काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, दोन्ही लिहा.

पालकांचं संमतीपत्र दसऱ्याच्या आत घ्या. बीड, धाराशिवकडच्या शाळांना कारण सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला गेल्या की सही घ्यायला कोणी उरत नाही. पत्र आधी वाचून दाखवा. अंगठा असेल तर शेजारी एका साक्षीदाराची सही घ्या. फोन नंबर दोन लिहा, त्यातला एक गावात राहणाऱ्या आजीचा किंवा चुलत्याचा, कारण आईबापाचं सिमकार्ड दर हंगामाला बदलतं.

रोजची नोंद

इथंच सगळे चुकतात. "काम केले" असं वीस दिवस खाली खाली लिहिलेलं पान कोणाच्याच उपयोगाचं नाही. नोंद अशी हवी : आलो 11, गेलो 2. पाणबुडी मोटारीची जळालेली वाइंडिंग काढली, तारेचा गेज मोजला, वार्निश लावताना पाहिलं. शेवटच्या "पाहिलं"ला किंमत आहे. केलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा. नोंद त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, बॉलपेननं. खाली दुकानदाराची छोटी सही. शनिवारी बसून आठवड्याच्या सह्या एकदम घेतल्या की शाई आणि अक्षर दोन्ही एकसारखे दिसतात आणि तपासणीला आलेल्याच्या ते लगेच लक्षात येतं.

शेवटच्या दिवशी दुकानदाराकडून एकूण दिवस आणि तास लिहिलेलं पत्र घ्या. शिक्का नसला तरी अडत नाही. नाव, मोबाइल आणि तारीख त्याच्याच हातानं असली म्हणजे झालं.

लावायचं कसं

आधी वर्ष, मग जनरल रजिस्टरचा नंबर. दुकानवार फायली लावायचा मोह होतो, पण चार वर्षांनी येणारा मुलगा स्वतःचं नाव सांगतो. दुकान तोवर बंदही झालेलं असतं. फाईलच्या पहिल्या पानावर यादी : नंबर, नाव, पान क्रमांक. मुलानं शाळा सोडली तर दाखल्याबरोबर पत्राची एक प्रत त्याच्या हातात द्या आणि जावक वहीत नोंद करा.

कपाट

भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा सोडा. वाळवी भिंतीतून येते आणि पावसाळ्यातली ओल फरशीतून. स्टेपलर पिना गंजून कागदाला भोक पाडतात, त्यापेक्षा पंच करून दोरी ओवा. झेरॉक्स प्लास्टिकच्या खिशात घालू नका, उन्हाळ्यात अक्षरं प्लास्टिकला चिकटून निघतात. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं दूर राहतात, वाळवी राहत नाही. तिच्यासाठी मे महिन्यात सगळे गठ्ठे बाहेर काढून झटकणं हाच इलाज.

फोनमधली प्रत

मोबाइलनं स्कॅन करा, पण फाईलला नाव द्या : वर्ष, तुकडी, रजिस्टर नंबर. एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी मुख्याध्यापकांच्या कुलपातल्या पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे कपाट नव्हे. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे. मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर ग्रुपवर फिरवताना हे आठवावं.

काय ठेवायचं, काय काढायचं

कोणता कागद किती वर्षं जपायचा यावरून केलेली सरकारी दप्तराची अ, ब, क, ड वर्गवारी ठाऊक असेल तर तोच विचार इथं चालतो. शाळेला लागू असलेली मुदत कार्यालयाकडून लेखी घ्या आणि फाईलच्या पाठीवर लिहा. मी स्वतः यादी आणि शेवटचं पत्र कधीच काढत नाही. रोजच्या वह्या मुदत संपली की मुख्याध्यापकांच्या सहीनं यादी करून फाडतो. एकदा त्या अख्ख्याच रद्दीत गेल्या. पुढच्या आठवड्यात बाजारात भेळेच्या पुडीवर आमच्याच एका पालकाचा फोन नंबर वाचला.