स्मेल ट्रेनिंग करताय? मग या चुका टाळा

व्हायरल होऊन गेलं, बाकी सगळं ठीक झालं पण वास काही परत येईना, म्हणून स्मेल ट्रेनिंग, म्हणजे वास परत यावा यासाठी रोज ठरावीक वास हुंगायचा सराव, करायला कापसावर सुगंधी तेल टाकलेल्या चार बाटल्या आणून हुंगायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत "काही होत नाही यार" म्हणत बाटल्या कपाटात. सगळ्यात कॉमन चूक हीच, मी पण केलीय. 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांच्या टीमने हे ट्रेनिंग तपासलं तेव्हा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, तेही 12 आठवडे घ्यायला लावले होते. म्हणजे तीन महिने हा कमीत कमी हिशोब धरा, पुढे अजून काही महिने लागू शकतात, आणि तरी सगळ्यांना पूर्ण फरक पडतोच असं नाही.

जोरात श्वास ओढू नका. ससा नाक हलवतो ना, तसं हळूहळू छोटं छोटं हुंगायचं, एका वासाला साधारण 20 सेकंद, मग जरा थांबून पुढची बाटली. आणि मोबाईल बघत बघत तर अजिबात नको, कारण वास ओळखायचं काम शेवटी मेंदूच करतो, त्यामुळे लिंबू हुंगताना लिंबू कापल्यावर काय यायचं ते आठवत बसायचं, काही येत नसलं तरी. लेबल बघितलं तर चीटिंग होईल असं काहींना वाटतं, पण ही परीक्षा नाहीये, खुशाल बघा.

निलगिरीने मला चांगलंच फसवलं. नाकात थंड, झणझणीत लागलं आणि मी खूश, आला वास! पण ती झणझण ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या नसेतून कळते, वासाची नस बंद असली तरी. बामचंही तेच. त्यामुळे प्रगती मोजायची तर गुलाबावर मोजा.

बाटल्या उघड्या ठेवू नका, तेल उडून जातं आणि आपण महिनाभर नुसता कापूस हुंगत बसतो. घरात ज्याचं नाक शाबूत आहे त्याला अधूनमधून चेक करायला द्या. तेल नाकात घालायचं नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतो.

मग एक दिवस कॉफी, कांदा, लसूण यांना जळकट नाहीतर सडका वास यायला लागतो आणि लोक घाबरून सगळं बंद करतात. याला पॅरोस्मिया म्हणतात, बऱ्याचदा नसा परत जुळताना असं होतं, म्हणजे काहीतरी हललंय. चारपैकी एखादा वास सहनच होत नसेल तर तेवढा बदला, बाकीचे चालू ठेवा. जेवण गरमागरम न घेता जरा गार करून खाल्लं तर त्रास कमी होतो.

झिंकचं जेल वगैरे नाकात घालायच्या नादाला लागू नका, त्यानेच वास गेल्याच्या तक्रारी आल्यामुळे 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) वॉर्निंग दिली होती. नाक मोकळं करायचे स्प्रेही दिवसेंदिवस मारत राहिलं तर नाक उलट जास्त चोंदतं.

सर्दी-ताप काही नसताना वास गेला, डोक्याला मार लागल्यावर गेला, एकाच नाकपुडीचा गेला किंवा नाकातून रक्त येतंय, तर बाटल्या राहू द्या आणि आधी ईएनटीकडे जा. आणि तोपर्यंत घरात गॅस आणि धुराचा अलार्म लावून घ्या, डब्यातलं शिळं अन्न दुसऱ्याला हुंगायला लावूनच खा.