बहिणाबाईंच्या वाड्यावर जायचंय? मग आधी आसोद्याला जा

जळगावला कोणाचं लग्न असलं की पाहुणे विचारतात, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घर कुठंय, अन् आपलेच लोक म्हणतात रिक्षावाल्याला सांगा, सोडून देईल. सोडतो तो बरोबर, पण नुसतं तसं जाऊ नका, दहा मिनिटांत परत याल अन् म्हणाल की काय होतं तिथं.

माझं ऐका, सकाळी पहिले आसोदा करा. जळगावहून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. हे बाईंचं माहेर, महाजनांच्या घरात 1880 ला नागपंचमीच्या दिवशी जन्म. थंडीत गेले तर भरताची वांगी घेऊनच या, हिरवी पांढरट अन् हातभर लांब, आसोद्याची वांगी म्हटलं की इकडं कोणी भाव करत बसत नाही (बरं करतात, पण कमी). मग ज्या वाटेनं तेरा वर्षांची पोर सासरी आली त्याच वाटेनं जुन्या जळगावात चौधरी वाड्यावर या.

हा राजवाडा नाहीये, आधीच सांगतो. लेवा पाटलांच्या शेतकरी घरासारखं घर, आता स्मारक म्हणून जपलेलं, त्यांच्या वापरातल्या वस्तू, भांडीकुंडी, शेतीची अवजारं. गल्लीत लोक राहतात, दुपारी झोपतात, त्यामुळे हॉर्न अन् आरडाओरडा नको, फोटोआधी विचारा, अन् उघडं कधी असतं ते निघायच्या आधीच कोणाला तरी विचारून घ्या, सणावाराला हेलपाटा पडू शकतो.

पण मेन गोष्ट ही की त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आधी वाचून जा, तेही मोठ्यानं. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, दळताना, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, मुलगा सोपानदेव अन् नात्यातला एक भाऊ ते उतरवून घ्यायचे. 1951 ला त्या गेल्या, अन् मग सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली, 1952 ला 'बहिणाबाईंची गाणी' आलं. म्हणजे पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. हे डोक्यात ठेवून आत गेलं ना की मग साधं भांडं बघायलाही वेळ लागतो.

शक्य असेल तर घरातल्या म्हातारीला सोबत न्या. मी आजीला नेलं होतं, ती जुन्या वस्तूंसमोर उभी राहून आमच्या घरोटाची गोष्ट सांगायला लागली, घरोट म्हणजे जातं, अन् पहाटे किती पायल्या दळायच्या, सासू मागून काय बोलायची सगळं निघालं. पाटीवर लिहिलेलं मी वाचलंच नाही मग.

उन्हाळ्यात जाऊ नका, इकडं पारा पंचेचाळीसला टेकतो. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, दुपारी कुठंतरी भरीत अन् कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी हाणा, वेळ उरला तर संध्याकाळी जैन हिल्सवर गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय.