केशकर्तनातले शब्द वेल्शमध्ये शोधताना या चुका टाळा

2021 च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के. त्यांच्यात केस कापणारेही आहेत आणि कापून घेणारेही. गप्पा वेल्शमध्ये चालतात, पण धंद्यातले शब्द बहुतेकांनी इंग्रजीतून शिकलेले असतात. त्यामुळे सलूनची माहितीपत्रकं किंवा अभ्यासाच्या नोट्स वेल्शमध्ये करायला बसलं की काही चुका हमखास होतात. (वेल्श शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. 'ग्वाल्ट'मधला ल मात्र आपला नव्हे. जीभ ल च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडली की तो साधतो.)

शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. केस फिके करायला किंवा रंगवायला वापरतात त्या पेरॉक्साइडच्या बाटलीवर '20 वॉल्यूम' लिहिलेलं असतं. शब्दकोशात वॉल्यूमसमोर 'कव्ह्रॉल' दिसतो आणि लोक तोच उतरवून मोकळे होतात. पण कव्ह्रॉल म्हणजे ग्रंथाचा खंड! बाटलीवरचे वीस खंड वाचून शिकणाऱ्याने काय समजायचं? 20 वॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून सुटू शकणारा सुमारे 20 लिटर ऑक्सिजन, म्हणजेच 6 टक्के पेरॉक्साइडचं द्रावण. (10 म्हणजे 3 टक्के, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12.) हे आकारमानाचं माप आहे, म्हणून शब्द 'कव्हाइंट'. आणि शाम्पूच्या जाहिरातीतलं 'केसांना वॉल्यूम' हे तिसरंच प्रकरण. तिथे केस भरगच्च दिसतात असं साध्या वेल्शमध्ये सांगावं, संज्ञा शोधत बसू नये.

'क्राउन'चंही तसंच. राजाचा मुकुट 'कॉरॉन', डोक्याचा माथा 'कॉरिन'. 'नखशिखांत' म्हणायला वेल्शमध्ये 'माथ्यापासून टाचेपर्यंत' म्हणतात, त्यातला माथा हाच कॉरिन. हायलाइट्ससाठी, म्हणजे फिक्या रंगवलेल्या बटांसाठी, तर कोशातून थेट रग्बी सामन्याची क्षणचित्रं केसांत येतात.

उपाय एकच: कोश उघडण्याआधी ती गोष्ट खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नेमकं काय करते, ते एका वाक्यात लिहून काढा. मग त्या वाक्याला शब्द शोधा.

एका अक्षराकडे दुर्लक्ष

ब्लीच करणं म्हणजे 'कान्नी', दोन न. एक न गळला की होतं 'कानी', म्हणजे गाणं. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं. तसंच 'ग्वाल्ट' म्हणजे डोक्यावरचे केस आणि 'ग्वेल्ट' म्हणजे पेंढा. अंगावरच्या केसांना वेगळा शब्द आहे, 'ब्लेऊ'. मराठीत दोन्हीकडे 'केस' चालतात, त्यामुळे आपल्याकडून हा फरक पटकन सुटतो.

शब्द सापडत नाही म्हणून तो नाहीच असं समजणं

वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. ग्वाल्ट, पण 'तुझे केस' म्हणताना 'वाल्ट' आणि 'माझे केस' म्हणताना 'ङ्वाल्ट'. कोशात 'वाल्ट' शोधाल तर हाती काही लागणार नाही, ग खाली पाहा. छापील कोशात 'ङ' (लिहिताना ng) हे स्वतंत्र अक्षर ग च्या लगेच नंतर येतं, हेही ध्यानात ठेवा.

लिंगाचंही भान हवं. 'क्रीब' म्हणजे कंगवा, आणि डोंगराची धारसुद्धा. स्नोडनजवळच्या प्रसिद्ध धारेचं नाव क्रीब गॉख, म्हणजे लाल धार. लाल म्हणजे 'कॉख', पण नाम स्त्रीलिंगी असल्याने 'गॉख' झालं. म्हणून यादीत शब्दासोबत लिंग आणि अनेकवचन लिहाच.

सेमी आणि क्वाझी एकाच पोत्यात

सेमी-पर्मनंट रंगाला पेरॉक्साइड लागत नाही, क्वाझी-पर्मनंटला सौम्य लागतं. दोघांनाही 'लेड' हा 'अर्ध' अर्थाचा उपसर्ग लावायचा मोह होतो. तो आवरा. रंगाआधी त्वचेची चाचणी घ्यायची असते, साधारण 48 तास आधी. कुठला रंग कुठला हेच कळेनासं झालं तर घोळ कागदावर राहत नाही. क्वाझी तसाच ठेवला तरी बिघडत नाही, असं माझं मत.

चुकीच्या कोशावर भिस्त

वेल्स विद्यापीठाचा मोठा ऐतिहासिक कोश शब्दाचा वंश सांगतो, आजचा वापर दरवेळी सांगेलच असं नाही. इंग्रजीवरून शोधायला 1995 मध्ये निघालेला 'गेरियादिर अर अकादेमी' बरा, पण तो पर्यायांची रांग लावतो आणि निवड तुमच्यावर सोडतो. धंद्यातल्या संज्ञांसाठी आधी बँगर विद्यापीठाचा परिभाषा-कोश आणि वेल्श सरकारच्या अनुवादकांचा 'टेर्मकम्री' पाहा.

शेवटी यादी वेल्श बोलणाऱ्या केशकर्तनकाराला मोठ्याने वाचून दाखवा. केस कुरळे करण्याला तो 'पर्म' म्हणत असेल तर 'पर्म' लिहा. 'तॉरी'वर मात्र अडून विचारा: या एका क्रियापदात केस कापणंही येतं आणि तुटणंही, आणि गिऱ्हाइकाच्या कार्डावर यातलं कोणतं लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.