कर्णबधिर मुलांची दहावी ते पहिला पगार: तयारी कशी करायची

सुरुवात कागदांपासून करा. 'स्वावलंबन' पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज भरायचा, मग सरकारी रुग्णालयात ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) आणि डॉक्टरांनी सांगितली तर बेरा (डोक्याला तारा लावून ऐकण्याची नस तपासणारी) तपासणी. आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर अर्जाआधीच ते जुळवून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत टिपून ठेवा. कागदपत्र तपासणीच्या दिवशी ते मुदतबाह्य निघालं तर हातातली जागा जाते.

परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मागणी शाळेमार्फत, परीक्षेचा फॉर्म भरतानाच करायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचीही तरतूद आहे, पण ती डोळे झाकून घेऊ नका. ग्रामीण डाक सेवकासारख्या भरतीला दहावीला इंग्रजी लागतं.

आता खरी मेहनत, लेखी मराठीची. मुलं हुशार असतात, हातांनी भराभर सांगतात, आणि अर्जात मात्र वाक्य कोसळतं. त्याला कारण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत 'देणे' ही खूण करताना हात कुणाकडून कुणाकडे गेला, त्यावरून देणारा आणि घेणारा कळतो. मराठीत तेच काम 'ने' आणि 'ला' करतात. 'गणेशने सुनीलला पैसे दिले' आणि 'गणेशला सुनीलने पैसे दिले' यांत शब्द तेच, पैसे मात्र उलट्या खिशात. म्हणून रोज अर्धा तास असं करा: मुलाने दिवसातला एक प्रसंग खुणांनी सांगायचा, तो मोबाइलवर चित्रित करायचा, आणि व्हिडिओ थांबवत थांबवत पाच वाक्यं लिहायची. प्रत्ययांना लाल गोल. मग दोन प्रत्ययांची अदलाबदल करा आणि बदललेलं वाक्य त्याला खुणांनी करून दाखवायला सांगा. हात उलट दिशेला गेला तर समजलं. फळ्यावरून नुसतं उतरवून घेतल्याने अक्षर मोत्यासारखं होतं, अर्थ कोराच राहतो. खूण अडली तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश मोफत पाहता येतो.

सरकारी उच्च शिक्षण संस्थांमध्ये दिव्यांगांसाठी 5 टक्के जागा असतात. सरकारी नोकरीत 4 टक्के आणि त्यातला 1 टक्का कर्णबधिरांचा. जाहिरातीत पदासमोर 'डी' किंवा 'एचएच' लिहिलंय का, ते फी भरण्याआधी बघा. 'डी' म्हणजे बधिर (खूपच कमी किंवा अजिबात ऐकू न येणारे), 'एचएच' म्हणजे कमी ऐकू येणारे. पद आपल्या प्रकारासाठी नसेल तर आरक्षण मिळत नाही.

खासगी नोकरीत गाडी अडते ती फोनवर. कंपनीतून कॉल येतो, कुणी उचलत नाही, नाव बाद. बायोडेटात नंबरासमोरच लिहा: 'कर्णबधिर आहे, कृपया व्हॉट्सअ‍ॅप करा.' आई-बाबांचा नंबर देऊ नका. मग तेच उत्तरं देत बसतात. मुलाखतीच्या चार दिवस आधी दुभाषी मागा, नाहीतर प्रश्न टाइप करून द्यायला सांगा. ओठ वाचता येतात यावर विसंबू नका: पान, बाण आणि मान ओठांवर सारखेच दिसतात. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी असेल तर चेहरा काळोखात जातो. खुर्ची बदलून मागायला लाजू नये.

रुजू होण्याआधी मालकाशी किंवा सुपरवायझरशी तीन गोष्टी ठरवा. भोंग्यासोबत चमकणारा दिवा. शिफ्टमधला बदल तोंडी नाही, ग्रुपवर लेखी. आग लागली तर खांद्याला हात लावून बाहेर काढणारा एक ठरलेला सहकारी, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसरा. कानाचं मशीन आहे म्हणून ही व्यवस्था टाळू देऊ नका. वर्कशॉपमध्ये ते यंत्रांचा आवाजही वाढवतं, म्हणून अनेक जण ते काढून खिशात ठेवतात. पहिल्या आठवड्यात सोबतच्यांना 'थांब', 'धोका', 'मशीन बंद', 'पुन्हा सांग' एवढ्या खुणा शिकवल्या तरी काम सुरू होतं. गप्पांच्या खुणा ते पुढे डबा खाताना आपसूक शिकतात.