मोठा फोटो भिंतीवर लावताय? आधी तो काचेपासून लांब ठेवा

२० बाय ३० इंचाची प्रिंट काढायची तर पिगमेंट शाईची मागा, डाय शाई स्वस्त पडते पण लवकर उडते. हात लावाल तो कडेलाच. एवढं झालं की राहतं फ्रेमिंग, आणि सगळी वाट तिथेच लागते.

आजीचा फोटो मी नाक्यावरच्या फ्रेमवाल्याकडे दिलेला. त्याने काच, काचेला टेकून फोटो, मागे हार्डबोर्ड, चार खिळे, झालं काम. घर डोंबिवलीला, दोन पावसाळे गेले आणि आजीच्या गालावर ओला दिसणारा चकचकीत डाग आला, मी येडा काच पुसत बसलो. दमट हवेत फोटोचा वरचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो हे तेव्हा माहीत नव्हतं. मग फ्रेम उघडून ओढला. गाल काचेवर राहिला आणि माझ्या हातात पांढरा कागद. तुमचा चिकटला असेल तर ओढू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको, आधी काचेसकट स्कॅन करा आणि मग जाणकाराला दाखवा.

म्हणून काच आणि फोटोत फट हवीच. त्यासाठी ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. छोट्या फोटोला एक माउंट पुरतो, दीडेक मिलिमीटर. मोठा फोटो पावसाळ्यात मधोमध फुगतो आणि तेवढी फट खाऊन टाकतो, त्यामुळे मी डबल माउंट घालतो किंवा कडेने पाचेक मिलिमीटरची पट्टी, जी माउंटखाली लपते. फ्रेमवाला म्हणेल साहेब गरज नाही. आहे.

फोटो चारी बाजूंनी चिकटवू नका, फेविकॉल नको, सेलोटेप नको, दुहेरी टेप तर नकोच. कागद दमटपणात वाढतो, त्याला हलायला जागा नसली की लाटा येतात. फक्त वरच्या कडेला, मागून, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या, म्हणजे फोटो लटकतो आणि उद्या पाण्याने सोडवताही येतो. मागेही हार्डबोर्ड थेट नको, त्यातल्या ॲसिडने कागद पिवळा पडतो, मधे ॲसिड-फ्री बोर्ड घाला. मागची फट कागदी टेपने बंद केली की कसर आत शिरत नाही.

लॅमिनेशनचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घालवून द्या. गरम लॅमिनेशन एकदा केलं की परत निघत नाही.

काचेऐवजी यूव्ही ॲक्रिलिक, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारं पारदर्शक प्लास्टिक, परवडत असेल तर घ्या, मोठ्या फ्रेमला काचेपेक्षा हलकंही पडतं. पण ते लावलं म्हणून फोटो खिडकीसमोर टांगू नका, रंग साध्या उजेडानेही उडतात, फक्त सावकाश.

ओल धरणारी भिंत नको. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर हार फ्रेमला नको, वेगळ्या खिळ्याला घाला, ओल्या झेंडूचं पाणी काचेच्या कडेने आत उतरतं. उदबत्तीही जरा लांब.

दिवाळीच्या साफसफाईला फ्रेम उतरवून मागची टेप बघा, सुटली असेल तर बदला. काच पुसायचं लिक्विड फडक्यावर मारा, काचेवर नाही, खाली ओघळलं की माउंटला डाग पडतो आणि तो जात नाही.