हिवाळ्यात घराभोवतीचे पक्षी पाहताना या चुका टाळा

हिवाळ्यात पक्ष्याचा दिवस लहान होतो आणि रात्र लांबते. ज्या काळात ऊब टिकवण्यासाठी अधिक अन्न लागते, नेमक्या त्याच काळात ते मिळवायला उजेडाचे तास कमी उरतात. उत्तर अमेरिकेतील काळ्या टोपीचा चिकडी हा जेमतेम ११ ग्रॅमचा पक्षी कडाक्याच्या रात्री शरीराचे तापमान दिवसापेक्षा १० ते १२ अंश सेल्सिअसने खाली आणून चरबी वाचवतो, आणि तरीही सकाळपर्यंत त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा खर्ची पडू शकतो. म्हणून खिडकीतून पक्षी पाहताना, त्यांना दाणे ठेवताना किंवा त्यांच्या जवळ जाताना आपल्या कृतीमुळे त्या पक्ष्याचा किती वेळ आणि किती ताकद खर्च होते, हा प्रश्न आधी विचारावा. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात, आणि त्या करणारी माणसे बहुधा पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारीच असतात.

पक्षी येत नाहीत म्हणून रोज काहीतरी बदलणे

दाण्याचे भांडे टांगून चार दिवस झाले आणि एकही पक्षी फिरकला नाही की माणूस जागा बदलतो, मग दाणे बदलतो, मग भांडेच बदलतो. नवी वस्तू सुरक्षित आहे याची खात्री पटायला पक्ष्यांना काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर ही खात्री त्यांना नव्याने करून घ्यावी लागते. हिवाळ्याच्या तोंडाशी रानात गवताचे बी, फळे आणि किडे मुबलक असतात. त्या काळात भांडे ओस पडणे हे स्वाभाविक आहे. ज्या वर्षी झाडांना भरपूर बी धरते, त्या वर्षी बिया खाणारे काही पक्षी आपल्या भागात उतरतच नाहीत, आणि बियांचा दुष्काळ पडला की तेच पक्षी थव्यांनी दूरवर जातात. त्यामुळे एका हिवाळ्यातील शुकशुकाटावरून पक्षी संपले असा निष्कर्ष काढू नये.

मात्र पक्षी नियमित येत असताना अचानक यायचे थांबले, तर कारण शोधले पाहिजे. प्रथम भांड्याच्या तळाशी हात घालून पाहावे. दमटपणामुळे खालचे दाणे गोळा होऊन कुबट झालेले असतात आणि आपण वरून नवे दाणे ओतत राहतो. त्यानंतर आसपास एखादा शिकारी पक्षी दबा धरून बसतो का, किंवा मांजराची फेरी सुरू झाली आहे का, हे पाहावे. भांडे झुडपापासून साधारण तीन मीटरवर असावे, म्हणजे धोका दिसताच पक्ष्याला आसरा गाठता येतो आणि मांजराला मात्र झुडपातून एका झेपेत तिथवर पोहोचता येत नाही.

मिळेल ते खायला घालणे

पावाने पक्ष्याचे पोट भरते, पण पोषण फारसे होत नाही. ज्या पक्ष्याला उजेडाच्या मोजक्या तासांत चरबी साठवायची आहे, त्याच्या पोटातील जागा अशा अन्नाने अडवणे हे त्याचे नुकसानच आहे. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि खारवलेले दाणे तर लहान पक्ष्यांना घातक ठरतात. तव्यावर उरलेली पातळ चरबी पिसांना चिकटते आणि चिकटलेल्या पिसांत हवा धरून ठेवण्याची, म्हणजेच ऊब राखण्याची, क्षमता राहत नाही. चरबीचे तयार गोळे प्लास्टिकच्या जाळीत येत असतील, तर जाळी काढून टाकूनच ते ठेवावेत, कारण तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

काळ्या सालीचे सूर्यफुलाचे बी हे सर्वांत उपयोगी, कारण त्याची साल पातळ आणि गर स्निग्ध असतो. कारळे लहान चोचीच्या फिंच पक्ष्यांना आवडतात, पण ते लवकर वाळतात आणि वाळलेले कारळे पक्षी तसेच सोडून जातात. म्हणून ते थोडेच आणावेत. भुईमुगाच्या दाण्यांना बुरशी लागली की त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, त्यामुळे संशय येताच ते टाकून द्यावेत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. धोबी, वटवटे, माशीमार असे किडे खाणारे पक्षी दाण्यांच्या भांड्याकडे पाहतही नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून आपण खट्टू होतो. त्यांच्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा न झाडणे, वाळलेली फुलझाडे हिवाळा संपेपर्यंत न छाटणे आणि उथळ पाणी ठेवणे, एवढे पुरेसे आहे. पाणी अडीच ते पाच सेंटिमीटर खोल आणि भांड्याचा तळ खरबरीत असावा. जेथे पाणी गोठते तेथे ते रोज बदलावे किंवा कोमट पाणी ओतून बर्फ वितळवावा. मीठ, ग्लिसरीन किंवा मोटारीत घालतात ते गोठणरोधक रसायन पाण्यात कधीही मिसळू नये.

भांडे भरायचे, पण धुवायचे नाही

माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण तिचे परिणाम आपल्या अंगणापुरते राहत नाहीत. रानात विखुरलेले पक्षी दाण्याच्या भांड्यापाशी दाटीवाटीने जमतात, त्यांची लाळ आणि विष्ठा एकाच अन्नात मिसळते, आणि एका आजारी पक्ष्याचा रोग सगळ्या थव्यात शिरतो. ब्रिटनमध्ये २००५ साली ट्रायकोमोनोसिस हा रोग फिंच पक्ष्यांमध्ये प्रथम आढळला. त्याच्या परजीवीमुळे पक्ष्याच्या घशात सूज आणि व्रण होतात, पक्ष्याला गिळता येत नाही आणि दाण्यांच्या राशीपुढे बसूनही तो उपाशी मरतो. बागांमध्ये सर्रास दिसणारा ग्रीनफिंच या रोगामुळे तेथे इतका घटला की २०२१ साली त्याची नोंद सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत झाली. अमेरिकेत १९९४ साली हाउस फिंच पक्ष्यांमध्ये डोळे सुजवणारा जीवाणूजन्य रोग दिसू लागला, आणि तोही भांड्यांपाशी होणाऱ्या गर्दीतून पसरतो.

दर दोन आठवड्यांनी, आणि ओलसर हवेत त्याहून लवकर, भांडे रिकामे करून घासावे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात काही वेळ बुडवून ठेवावे, स्वच्छ धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच भरावे. भांड्याखालची सालपटे आणि विष्ठाही झाडून काढावी, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आजारी पक्षी ओळखण्यात मात्र गोंधळ होतो. थंडीत पिसे फुगवून बसणे किंवा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून दुसऱ्यावर उभे राहणे, ही आजाराची लक्षणे नव्हेत. फुगवलेल्या पिसांत हवा अडकते आणि तीच पक्ष्याची दुलई असते. परंतु ऊन चढल्यावरही पिसे फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, चोचीभोवती ओलसर घाण, आणि माणूस जवळ आला तरी न उडणे, अशी चिन्हे एकत्र दिसली तर दाणे आणि पाणी दोन्ही तत्काळ काढून टाकावे आणि निदान दोन आठवडे ठेवू नये, म्हणजे पक्षी पांगतात. भुकेल्या पक्ष्यांना पाठ दाखवल्यासारखे वाटते, पण त्या वेळी त्यांच्यासाठी करण्याजोगे एवढेच असते.

काचेचा विचार न करणे

पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला तिच्यातले आकाश आणि झाडाचे प्रतिबिंब दिसते. अमेरिकेपुरत्या २०१४ च्या एका अभ्यासात इमारतींवर आपटून दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत असा अंदाज मांडला गेला. भांडे खिडकीपासून चार-पाच मीटरवर असेल, तर घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर येतो. ते खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवले तर धडकेपूर्वी वेगच येत नाही. पाहणाऱ्यासाठीही हीच जागा उत्तम. काचेवर ससाण्याचे एकच चित्र चिकटवून उपयोग होत नाही, कारण पक्षी त्या चित्राला वळसा घालून उरलेल्या काचेवर आपटतो. खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूने आणि एकमेकींपासून पाच सेंटिमीटरच्या अंतराने असाव्या लागतात.

आपटून सुन्न झालेला पक्षी सापडल्यास त्याला हवेशीर कागदी खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी घालू नये. तासाभरात तो सावरला तर बाहेर नेऊन खोके उघडावे, नाही तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या जाणकाराकडे सोपवावे.

रंगावरून ओळख ठरवणे

पुस्तकातील चित्र बहुधा विणीच्या हंगामातील नराचे असते, आणि हिवाळ्यात तोच पक्षी वेगळा दिसतो. घरचिमणीच्या नराचा काळा गळा या काळात नव्या पिसांच्या फिकट टोकांखाली झाकलेला असतो आणि चोचही काळी न राहता पिवळट होते. पांढऱ्या धोब्याचा काळा गळा पांढरा होऊन छातीवर केवळ एक काळी कोर उरते. युरोपीय स्टार्लिंगच्या अंगावरील पांढरे ठिपके ही नव्या पिसांची टोके असतात, आणि ती झिजून गेल्यावर वसंतात पक्षी चकचकीत काळा दिसतो. शिवाय पिसे फुगल्यामुळे आकाराचाही अंदाज चुकतो. म्हणून चोचीचा आकार, शेपटीची लांबी आणि चाल आधी पाहावी. पक्षी उड्या मारतो की पावले टाकतो, शेपटी खालीवर हलवतो की उघडमीट करतो, या गोष्टी ऋतूनुसार बदलत नाहीत. आवाजावरून पक्ष्याचे नाव सांगणारे मोबाइल अ‍ॅप उपयोगी आहे, परंतु स्टार्लिंगसारखा नकलाकार पक्षी त्यालाही फसवतो. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ती नोंद कच्ची समजावी.

दुर्बिणीच्या बाबतीत अधिक मोठे करून दाखवणारी ती चांगली, असा समज असतो. दुर्बिणीवरील पहिला आकडा ती किती पट मोठे दाखवते हे, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. हिवाळ्यातील मंद उजेडात ८ × ४२ ही दुर्बीण ८ × २५ पेक्षा स्पष्ट दाखवते, कारण पहिलीतून सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचा आणि दुसरीतून सुमारे ३ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. तापवलेल्या खोलीची खिडकी उघडून पाहिल्यास बाहेर पडणाऱ्या गरम हवेमुळे चित्र थरथरते आणि आपण दुर्बिणीला दोष देतो. त्यापेक्षा स्वच्छ काचेतून, काचेला काटकोनात धरून पाहावे. थंडीतून घरात आल्यावर दुर्बीण काही वेळ पिशवीतच राहू द्यावी, म्हणजे भिंगांवर बाष्प धरत नाही.

एकाच पक्ष्याला दहा वेळा मोजणे

तासाभरात भांड्यावर वीस वेळा चिमणी आली म्हणजे वीस चिमण्या आल्या असे नव्हे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून होणाऱ्या बिग गार्डन बर्डवॉच या गणनेत तासभर पाहून, एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्याच लिहितात. १९९८ साली सुरू झालेली आणि २०१३ पासून जगभर चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही फेब्रुवारीतील चार दिवसांची गणना निदान पंधरा मिनिटांच्या नोंदीवरही भागते. पक्षी दिसला नाही तो दिवसही वेळेसह लिहावा. अनुपस्थितीची नोंद नसेल तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

दाण्यांमुळे पक्षी परावलंबी होतात असे मानणे

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात चिकड्यांवर झालेल्या अभ्यासात, भांडी काढून घेतल्यानंतरही त्यांचे जगण्याचे प्रमाण भांडी कधीच न पाहिलेल्या पक्ष्यांइतकेच राहिले. दाण्यांमुळे स्थलांतर थांबते हेही खरे नाही, कारण त्याची हाक प्रामुख्याने दिवसाच्या बदलत्या लांबीतून येते. तरीही पिढ्यान्पिढ्यांच्या मापाने परिणाम होतो: मध्य युरोपातील काही ब्लॅककॅप पक्षी नैऋत्येऐवजी ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले, आणि तेथे बागांतून मिळणारे अन्न याला साहाय्यभूत ठरले. घरी नसाल त्या आठवड्याची चिंता करू नये. केवळ ऐन कडाक्यात दाणे ठेवणे एकाएकी बंद करू नये.

जवळून पाहण्याचा हव्यास

छायाचित्रासाठी दोन पावले पुढे जाऊन पक्ष्याला उडवणे, किंवा मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे, यात त्याच्या खाण्याचा वेळ जातो आणि नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करण्यात ताकदही जाते. विसावलेल्या घुबडाची जागा सर्वांना कळवू नये. पहाटे आणि सायंकाळी पाळीव मांजर घरातच ठेवावे, कारण नेमके तेव्हाच पक्षी खाण्यात गढलेले असतात.

घरट्याच्या पेटीबाबतही हेच लागू आहे. ती रिकामी दिसली तरी हिवाळ्यात लहान पक्षी रात्रीच्या उबेसाठी तिच्यात शिरतात. इंग्लंडमधील नॉरफोक येथे १९६९ साली एकाच पेटीत ६१ रेन पक्षी रात्रीला जमलेले मोजले गेले होते. पेटीतील जुने घरटे विणीचा हंगाम संपल्यावर, थंडी पडण्यापूर्वीच काढून ती साफ करावी, आणि त्यानंतर आत कोण आहे हे पाहण्यासाठी दिवस मावळल्यावर झाकण उघडू नये. अंधार पडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे खिडकीआडून तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवले, तर आत जाणारा प्रत्येक पक्षी मोजता येतो.